आठ माईक आणि एक सुतळी: घरच्या खोलीत ड्रम्स रेकॉर्ड करताना नेमकं काय होतं

नाशिकला पाथर्डी फाट्याला आमचं रो-हाउस आहे, त्यातली वरची दहा बाय दहाची खोली मी स्टुडिओ म्हणून वापरतो. स्टुडिओ म्हणजे फार काही नाही हां, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतीला टेकवलेली गिटार आणि पाहुणे आले की लागणाऱ्या गाद्यांचा ढीग. गाणं, गिटार, कीबोर्ड असलं सगळं तिथं आरामात होतं. भानगड सुरू झाली ती ड्रम्सपासून.

आमच्या बँडचं एक गाणं करायचं होतं आणि ड्रमर हट्टालाच पेटला की कॉम्प्युटरमधले तयार ड्रम्स नकोत, मी खरा सेट वाजवणार. म्हटलं चल. एका ओळखीच्याकडून आठ इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, आणला, इकडून तिकडून मागून आठ माईक जमवले, किकला (पायानं वाजतो तो मोठा ड्रम) एक, स्नेअरला (मांडीसमोरचा, खाली तारा असलेला कडक ड्रम) वर-खाली दोन, टॉमला (बाकीचे घुमणारे ड्रम, त्यातला जमिनीवर उभा तो फ्लोअर टॉम) तीन, वरती ओव्हरहेड (सगळ्या सेटवर टांगलेले) दोन, एकदम फोटोत असतं तसं. एकेक ट्रॅक वेगळा ऐकला तर झकास. आठही एकदम चालू केले आणि किक म्हणजे बिस्किटाचा रिकामा डबा, स्नेअर म्हणजे शेजारी कुणीतरी पेपर फाडतंय. ड्रमरनं हेडफोन काढून मला विचारलं, "दादा, मी एवढा जीव तोडून मारला, तो आवाज गेला कुठं?"

प्रश्न रागात विचारला होता पण बरोबर होता. आवाज खरंच कुठंतरी गेला होता. तो कुठं जातो हे मला कळायला बराच वेळ लागला आणि एकदा कळल्यावर मग माईक कुठले, प्लगइन (आवाज सुधारायचं सॉफ्टवेअर) कुठलं, हे सगळे वाद फिके वाटायला लागले, म्हणून ते जमेल तेवढं सोपं करून लिहितोय.

आवाज हवेतून साधारण सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे हवा २० अंशाच्या आसपास असेल तर. हा आकडा आपल्या कामाचा करायचा तर असं म्हणायचं, एका मिलिसेकंदात आवाज साधारण ३४ सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे फुटापेक्षा किंचित जास्त. आता स्नेअरवर एक फटका बसला. स्नेअरला चिकटून बसलेल्या माईकला तो जवळजवळ लगेच ऐकू आला. वरच्या ओव्हरहेडला तीनेक मिलिसेकंदांनी. फ्लोअर टॉमच्या माईकला आणखी वेगळ्या वेळी. म्हणजे फटका एक आणि तो आठ माईकनी आठ वेगवेगळ्या वेळी ऐकला, आणि मग आपण कॉम्प्युटरमध्ये ते आठही एकत्र ओततो.

एवढ्याशा उशिरानं काय होतंय असं वाटतं ना? झोका डोळ्यापुढे आणा. एक जण झोक्याला ढकलतोय, झोका पुढे जायला लागला की बरोबर तेव्हा. दुसऱ्यानंही त्याच वेळी ढकललं तर झोका दुप्पट उंच जातो. पण दुसरा उशिरा आला आणि झोका मागे येत असताना त्यानं पुढे ढकललं, तर झोका जागेवर थांबतो. दोघांनी ताकद सारखीच लावली, फक्त वेळ चुकली. आवाज म्हणजे हवेचं असंच पुढे-मागे होणं आहे, आणि दोन माईकमधले सिग्नल एकत्र केले की नेमकं हेच होतं, काही सूर दुप्पट होतात आणि काही मरतात. यालाच फेजचा प्रॉब्लेम म्हणतात.

कुठले सूर मरतात ते हिशोबानं सांगता येतं. माझ्या त्या पहिल्या सेटिंगमध्ये एक ओव्हरहेड स्नेअरपासून ३ फुटांवर होता आणि दुसरा साडेपाच फुटांवर, कारण दुसऱ्या स्टँडचा पाय कपाटाला अडत होता आणि मी म्हटलं राहू दे, काय फरक पडतो. फरक अडीच फुटांचा, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंद. एवढ्या उशिरानं पहिला मरणारा सूर येतो साधारण २२५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २२५ हेलकाव्यांच्या सुराला. आणि स्नेअरचं जे अंग असतं, तो जो पोटातून येणारा "ढप्प" असतो, तो बहुतेक सेटवर २०० हर्ट्झच्या आगेमागेच राहतो. बरोबर तिथंच सुरी लागली होती. वरची फक्त चरचर उरली. मी नंतर तिथं इक्वलायझरनं २२५ वाढवायला बसलो होतो दोन तास, पण जे दोघांनी मिळून मारून टाकलंय ते नुसतं वाढवून परत येत नाही राव.

म्हणून घरी ड्रम्स करताना माझं म्हणणं सरळ आहे, माईक कमी लावा आणि अंतरं मोजा. चार माईक बास. किकला एक, स्नेअरला एक, आणि दोन ओव्हरहेड. आता हे काही मी लावलेला शोध नाही. ग्लिन जॉन्स नावाचे इंग्लंडचे साउंड इंजिनिअर आहेत, त्यांनी १९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपलिन या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचं काम केलं, आणि ड्रम्सना मोजके माईक लावायची त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. एक माईक स्नेअरच्या वर साधारण ४० इंचांवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, टॉमच्या कडेपेक्षा थोडा वर, हायहॅटच्या (पेडलवरच्या जोड झांजा) दिशेनं बघणारा, आणि दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर एकसारखं. तो मोठा हॉल होता आणि वाजवणारा त्या बँडचा ड्रमर जॉन बॉनम होता हे विसरू नका, पण अंतराची गोष्ट दहा बाय दहातही तशीच लागू पडते.

घरच्या खोलीसाठी याचीच एक चुलत पद्धत जास्त सोयीची पडते, तिला लोक रेकॉर्डरमॅन म्हणतात. त्यात माईक आणखी जवळ असतात, म्हणून खोली कमी ऐकू येते. करायचं असं. ड्रमस्टिक साधारण १६ इंचांची असते. स्नेअरच्या मध्यावरून सरळ वर दोन स्टिक मोजायच्या, तिथं पहिला माईक, तोंड खाली स्नेअरकडे. मग ड्रमरच्या उजव्या खांद्यावरून दुसरा माईक, तोही स्नेअरपासून दोनच स्टिकवर. आता सुतळी घ्यायची, मी किराणा दुकानातला साधा गुंडाच वापरतो. एक टोक किकवर बीटर (पेडलचा टोला) जिथं आपटतो तिथं चिकटपट्टीनं लावा, दुसरं स्नेअरच्या मध्यावर. मधली ढिली सुतळी ओढून पहिल्या माईकच्या तोंडाला टेकवा, ताणली की त्या जागी चिमटीत पकडा. ती चिमूट आता सोडायची नाही. तशीच चिमूट धरून सुतळी दुसऱ्या माईककडे न्या, आणि माईक एवढा हलवा की दोन्ही बाजूंची सुतळी ताठ राहून चिमूट बरोबर त्याच्या तोंडाशी आली पाहिजे. झालं. आता किक दोन्ही माईकला एकाच वेळी पोचते आणि स्नेअरही दोघांना एकाच वेळी पोचते, मग हेडफोनमध्ये दोन्ही बरोबर मधोमध येतात आणि कुणी कुणाला मारत नाही. आमच्या ड्रमरला पहिल्यांदा हे करताना पाहून वाटलं मी मांडवाची आखणी करतोय. पण ऐकल्यावर गप्प बसला.

किक आणि स्नेअरचा जवळचा माईक लावताना अजून एक भानगड असते, पोलॅरिटीची, म्हणजे सिग्नलचं पुढे-मागे उलटं होण्याची. हे समजून घ्यायला नाशिककराला ड्रम सेटपेक्षा ढोल जास्त उपयोगाचा आहे, म्हणून ढोलच घेऊ. ढोलाला दोन पानं. एका पानावर टिपरू पडलं की ते पान आत जातं, आतली हवा दाबली जाते आणि पलीकडचं पान बाहेर फुगतं. म्हणजे अलीकडे उभ्या माईकपासून पान दूर गेलं आणि पलीकडच्या माईककडे पान चालून आलं. एका माईकनं "मागे" लिहिलं, दुसऱ्यानं "पुढे". दोन्ही मिसळले की ढोलाचा जो छातीत बसणारा भाग आहे तोच वजा होतो. एका पथकाचा सराव मी गणपतीच्या आधी मैदानावर जाऊन रेकॉर्ड केला होता तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं, दोन्ही बाजूंना माईक, आवाज एकदम पोकळ, आणि एका ट्रॅकवर पोलॅरिटी उलटी करायचं बटण दाबलं आणि काय सांगू, ढोल अक्षरशः स्पीकरमधून बाहेर आला. हे बटण जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये असतं, बहुतेकदा शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारखं चिन्ह असतं, फुकट असतं, आणि लोक ते दाबतच नाहीत.

स्नेअरला खालून माईक लावला तर सेम ढोलाचीच गोष्ट, खालचा उलटा करायचा. किकचा माईक पुढच्या बाजूला असतो आणि ओव्हरहेड मागच्या, म्हणजे ड्रमरच्या बाजूला, त्यामुळे तिथंही बऱ्याचदा हेच होतं. नियम लक्षात ठेवत बसू नका. किक आणि ओव्हरहेड एकत्र लावा, बटण दाबा, काढा, दाबा, काढा, ज्यात खालच्या सुरातला आवाज जास्त भरतो ते ठेवा. मग स्नेअरचं तसंच. पाच मिनिटांचं काम आहे आणि हे रेकॉर्डिंगच्या आधीच करायचं, नंतर नाही, कारण बटण दाबूनही पातळच वाटत असेल तर अंतर चुकलंय आणि ते फक्त तेव्हाच सुधारता येतं.

तरी कुणाला टॉमलाही माईक लावायचेच असतील तर एक तिप्पटीचा नियम आहे. माईक ज्या वाद्यासाठी लावलाय त्याच्यापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट लांब शेजारचा माईक असावा. तिप्पट अंतराला आवाज साडेनऊ डेसिबलच्या आसपास उतरतो, मग तो मिसळला तरी फारसा त्रास देत नाही. ड्रम सेटवर हे प्रत्येक ठिकाणी जमणं अवघडच आहे, म्हणून परत तेच, माईक कमी.

आता खोली. इथं मी सगळ्यात जास्त चुका केल्यात त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली चूक अंड्याचे ट्रे. होय, मीही लावलेत, हॉटेलवाल्याकडून साठ-सत्तर ट्रे आणून. पुठ्ठा एवढा पातळ असतो की तो वरच्या आवाजाला थोडंफार इकडेतिकडे करतो, खालचा आवाज त्याच्याकडे बघतही नाही. काय होतं ते साधं आहे, १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ३.४ मीटर लांब असते, तिला अडवायला दोन मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे ट्रकपुढे रांगोळी. पातळ फोमचंही तेच, फक्त फोम महाग असतो. जाड लागतं, आणि जड, आणि धागेदार. रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) फळ्या कापडात गुंडाळून लावल्या तर उत्तम. पण नाशिकच्या घरात त्याच्याइतकीच कामाची गोष्ट आधीच पडून असते, कापसाची गादी. मशीनवर पिंजून भरलेली, चार इंची, उचलताना कंबर धरते ती. अशा चार गाद्या भिंतीला उभ्या केल्या, दोन कोपऱ्यात तिरक्या लावून मागे पोकळी ठेवली, खाली सतरंजी आणि तिच्यावर आजीची गोधडी, आणि खोली बदलून गेली. आधी टाळी वाजवली की दोन भिंतींमध्ये "टर्रर्र" असा आवाज धावायचा, तो गेला. टाळी ही फुकटातली टेस्ट आहे, सेट मांडायच्या आधी सगळ्या खोलीत फिरून टाळ्या वाजवा, घरचे हसतील, हसू द्या.

दुसरी चूक म्हणजे सेट बरोबर खोलीच्या मधोमध मांडला. दिसायला छान. पण आपल्याकडच्या खोल्या बघा, दहा बाय दहा आणि उंची साडेनऊ-दहा फूट, म्हणजे जवळजवळ खोकाच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एक ठरावीक सूर अडकून घुमतो, दहा फुटांना तो येतो ५६ हर्ट्झच्या आसपास, मग त्याची दुप्पट ११३, तिप्पट १६९ असं. आयताकृती खोलीत लांबी, रुंदी, उंची वेगळी असते म्हणून हे घुमणारे सूर विखुरलेले राहतात. खोक्यात तिन्हीकडून तेच सूर एकावर एक चढतात, आणि ५६ म्हणजे किकचा मुक्कामच तिथं.

बादलीत पाणी घेऊन चालताना बघा, पाणी कडेला वर-खाली हिंदकळतं पण मधोमध पातळी फारशी हलत नाही. खोलीतला तो अडकलेला सूर असाच असतो, भिंतींजवळ दणदणीत, मध्यावर जवळजवळ नाहीच. मी सेट मधोमध ठेवला, माईक मधोमध, आणि मग विचारतोय किकचा खालचा भाग गेला कुठं. तो भिंतीपाशी जाऊन बसला होता ना. आता सेट एका भिंतीकडे सरकवून ठेवतो, अंदाजे लांबीच्या एक तृतीयांशावर, आणि नेमकी जागा कानानं ठरवतो. कुणीतरी किक वाजवत राहायचं आणि आपण माईकच्या उंचीला वाकून खोलीभर फिरायचं, जिथं आवाज भरलेला पण घुमत नाही ती जागा.

छताचं काय? ओव्हरहेड उंच लावला तर तो छताजवळ जातो, आणि छतावरून आपटून आलेला आवाज थेट आवाजाच्या मागोमाग तिथं पोचतो. माईक छताखाली दोन फूट असेल तर परतलेला आवाज जवळपास चार फूट जास्त चालून येतो, साडेतीन मिलिसेकंद उशिरा, आणि मघाशी सांगितला तोच झोक्याचा खेळ, यावेळी १४० हर्ट्झच्या आसपास. दोन स्टिकची पद्धत घरात चालते त्याचं एक कारण हेच, माईक जमिनीपासून पाच फुटांच्या आत राहतो आणि छतापासून लांब. शिवाय मी सेटच्या वरती छताला दोन जाड गोधड्या टांगल्यात, पंख्याच्या हुकाला आणि खिडकीच्या ग्रिलला दोऱ्या बांधून. पंखा अर्थातच काढावा लागला.

आणि आता शेजारच्या काकू. गाद्या लावल्यावर मला वाटलं आवाज बाहेर जाणं पण बंद होईल, इथं बहुतेक सगळे फसतात. गाद्या खोलीच्या आतला घुमारा कमी करतात. बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बुजवलेली लागते. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी जेमतेम ५-६ डेसिबलचा फरक पडतो, आणि ड्रम सेट जवळून सहज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणजे किती भिंती बांधणार? रो-हाउसला तर कॉमन भिंत. काकू दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अरे, वाजव तू, पण आमच्या फडताळातल्या कपबश्या पण वाजतात तुझ्याबरोबर." कपबश्या हवेमुळे वाजत नव्हत्या, किकचा धक्का स्लॅबमधून जात होता. त्यावर उपाय सापडला टेनिस बॉलचा. १८ एमएमच्या प्लायचे दोन तुकडे, मध्ये गल्लीतल्या पोरांकडून घेतलेले जुने टेनिस बॉल, बॉल घरंगळू नयेत म्हणून खालच्या प्लायला गोल भोकं, आणि या पाटावर अख्खा सेट आणि ड्रमर. धक्का बॉलमध्येच जिरतो. कपबश्या थांबल्या. हवेतून जाणारा आवाज राहिलाच, त्याला उपाय म्हणजे वेळ ठरवणं. कायद्यानं रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सहा ४५ अशी मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत, पण खरं सांगायचं तर आमच्याकडे काकूंची वामकुक्षी हाच नियम, दोन ते चार सेटला हात नाही.

इतकं सगळं झालं तरी सेट स्वतः चांगला वाजत नसेल तर सगळं पाण्यात, हे खरं तर आधी लिहायला पाहिजे होतं. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच सेटवर स्किन, म्हणजे ड्रमची पानं, वर्षानुवर्षं तीच, मधे खड्डा पडलेली. आज आपण वापरतो त्या प्लास्टिकच्या स्किन १९५० च्या दशकात आल्या, रेमो बेली यांनी रेमो कंपनी १९५७ साली काढली, त्याआधी वासराचं कातडं असायचं आणि ते पावसाळ्यात ढिलं पडायचं, कातडी पानाचे ढोल ज्यांनी वाजवलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्लास्टिकला दमट हवेचं तेवढं काही वाटत नाही, पण ते थकतं. रेकॉर्डिंगआधी निदान स्नेअरची वरची स्किन नवी टाका.

ट्यूनिंग करताना बोल्ट ओळीनं गोल फिरत आवळू नका, समोरासमोर आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. मग प्रत्येक बोल्टपाशी, कडेपासून इंचभर आत, स्टिकनं हलकं टिचकवून सूर ऐका. सगळीकडे एकच सूर आला पाहिजे. एखादा बोल्ट ढिला असेल तर टॉम वाजल्यावर शेवटी "वांऽव" असा वाकडा सूर काढतो आणि तो कुठल्याही प्लगइननं सरळ होत नाही. किकमध्ये एक उशी, वाजवायच्या स्किनला जेमतेम टेकलेली, कोंबलेली नाही. स्नेअर फार घुमत असेल तर टिश्यू पेपरची घडी कडेला टेपनं लावा. स्नेअरच्या खालच्या तारा कचकचून आवळायची फार लोकांना सवय असते, त्यानं आवाज गुदमरतो, थोड्या सैल सोडा.

आणि ड्रमर. ओव्हरहेड दोनच असले की मिक्स ड्रमरच्या हातात असतो, शब्दशः. त्यानं हायहॅट धाडधाड वाजवलं आणि स्नेअरला नुसतं गोंजारलं तर ते तसंच येणार, नंतर वेगळं करता येत नाही. आमच्याला मी दोन तास फक्त हेच करायला लावलं, हायहॅट निम्म्या जोरानं, स्नेअर पूर्ण. चिडला. मग फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं तेव्हा स्वतःच म्हणाला की हायहॅटच्या मागे गाणंच ऐकू येत नाहीये. स्नेअरचा माईकही असा फिरवायचा की त्याची पाठ हायहॅटकडे राहील, कारण हे माईक पाठीमागचं फार कमी ऐकतात. शुअर एसएम ५७ हा त्यासाठीचा जुना जाणता माईक, १९६५ पासून बाजारात आहे, पण त्याच्या नकलाही खूप फिरतात, तेव्हा अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून उड्या मारू नका.

रेकॉर्डिंगच्या दिवशीचं थोडक्यात. गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवताना ड्रमरला सांगा की गाण्यातला सगळ्यात जोराचा भाग वाजव, आणि मग सिग्नल उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल एवढाच ठेवा, कारण लाल बटण दाबल्यावर तो आणखी जोरात मारतोच, प्रत्येक ड्रमर मारतो. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा असते की कमी लेव्हलनं काही बिघडत नाही, पण एकदा क्लिप झालं, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला, की गेलं. कंडेन्सर माईकला (त्याला वीज पुरवावी लागते) ४८ व्होल्टचं बटण चालू करायचं विसरून अर्धा तास केबल बदलत बसलेला माणूस मीच. हेडफोन बंद प्रकारचा हवा, नाहीतर मेट्रोनोमची टिकटिक ओव्हरहेडमध्ये शिरते आणि गाण्याच्या शेवटी झांज विरत असताना मागे टिक, टिक, टिक. पंखे बंद, फ्रिज बंद, मे महिना असेल तर टॉवेल जवळ. गांधीनगरला आर्मीचं हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग स्कूल असल्यामुळे आमच्याकडे एखाद्या दुपारी डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं, आणि आमचा सगळ्यात चांगला टेक नेमका त्यातच गेला. जोराच्या भागात कळत नाही, पण मधल्या शांत चार मात्रांमध्ये स्वच्छ भर्रर्र. ठेवलाय तो तसाच.

मिक्समध्ये मग फार काही उरत नाही. आधी फक्त दोन ओव्हरहेडवर अख्खा सेट ऐका, तोच खरा आवाज. मग त्यात किकचा ट्रॅक हळूहळू वर आणा, पोटात लागेपर्यंत, मग स्नेअर. किकमध्ये ३००-४०० हर्ट्झच्या आसपास पुठ्ठ्यासारखा आवाज असतो, तो थोडा कमी केला की मोकळी होते. बाकी मी हात लावत नाही.

एक मात्र राहिलं. सगळं नीट बसलं त्या संध्याकाळी मी प्रत्येक स्टँडच्या पायाभोवती फरशीवर खडूनं गोल काढले, सतरंजीच्या कडेला सेटच्या खुणा केल्या, दुसऱ्या दिवशी उरलेलं गाणं तिथूनच पुढे करू म्हणून. सकाळी वर गेलो तर स्टँड एका कोपऱ्यात ओळीनं उभे, गाद्यांच्या घड्या, फरशी चकाचक. "किती घाण करून ठेवली होतीस रे," आई म्हणाली. तेव्हापासून खुणा चिकटपट्टीनं करतो, चारही बाजूंनी फोटो काढतो आणि सुतळीला जिथं चिमूट धरली होती तिथं गाठ मारून ती माईकच्याच डब्यात ठेवतो.